हवापालटाच्या गावातला ज्यूद्वेष

१९०१च्या उन्हाळ्यात मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉईड बायकामुलांसह बव्हेरियातल्या थुमझे तळ्याकाठी हवापालटाला गेले होते. मार्टिन आणि ऑलिव्हर हे त्यांचे दोघे मुलगे मासे धरत असताना काही माणसांनी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला आणि ज्यू म्हणून शिवीगाळ केली. पुढे रस्त्यात काठ्या-छत्र्या घेतलेले एक टोळके वाट अडवून उभे राहिले. फ्रॉईड हातातली काठी उगारून सरळ त्यांच्या अंगावर गेले आणि टोळके बाजूला झाले. मार्टिनने हा प्रसंग वडिलांविषयीच्या आठवणींत नोंदवून ठेवला आहे.

फ्रॉईड यांच्या मनात त्याआधीचा एक सल होता. ते दहा-बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना आपल्या तरुणपणची हकीकत सांगितली होती. शनिवारी नवी टोपी घालून निघालेल्या वडिलांची टोपी कुणी तरी चिखलात उडवली आणि त्यांना फुटपाथवरून खाली उतरायला फर्मावले. वडील उतरले आणि मुकाट्याने टोपी उचलून चालू लागले. ही हकीकत फ्रॉईड यांनी स्वप्नमीमांसेच्या ग्रंथात लिहिली. तो ग्रंथ त्यांनी १८९९च्या उन्हाळ्यात बेर्ख्तेसगाडेनला, म्हणजे पुढे हिटलरने जिथे आपला डोंगरातला बंगला थाटला त्याच परिसरात, पुरा केला.

ज्यूद्वेषाचा इतिहास सांगताना आपण वस्त्या, दंगली आणि छळछावण्या यांविषयी बोलतो. सुट्टीच्या गावांकडे फारसे कुणी पाहत नाही. खरे तर या द्वेषाची वाढ तिथे फार आधी दिसत होती. ऑस्ट्रियात १८६७ साली आणि जर्मन साम्राज्यात १८७१ साली ज्यूंना समान नागरी हक्क मिळाले. आगगाडी आली, मध्यमवर्ग वाढला, डॉक्टर समुद्रस्नान आणि खनिज पाण्याचे झरे सुचवू लागले. ज्यू डॉक्टर, वकील, व्यापारी इतरांसारखेच सहकुटुंब उन्हाळ्याला निघाले. बाजारात, दवाखान्यात, पेढीत ज्यू माणसाची गरज होती. तिथे त्याला सहन करणे भाग होते. समुद्रकिनाऱ्यावर शेजारी कोण बसावे, हे मात्र मर्जीवर होते. त्यातून हा ज्यू गरीब, वेगळ्या वस्तीतला उरला नव्हता. तो तितकेच भाडे भरून त्याच टेबलावर जेवायला बसत होता, आणि नेमके तेच खुपत होते.

उत्तर समुद्रातल्या बोर्कुम बेटाने तर याची जाहिरातच केली. तिथे वाद्यवृंद रोज एक गाणे वाजवी आणि पाहुणे ज्यूंना हाकलण्याच्या ओळी सामुदायिकपणे गात. १९२४ साली प्रशियाच्या सरकारने ते गाणे वाजवायला मनाई केली, पण न्यायालयात ती टिकली नाही. जवळच्या नोर्डरनाय बेटावर ज्यू पाहुण्यांचे स्वागत होई, म्हणून अनेक कुटुंबे तिकडे वळली. १८९३मध्ये स्थापन झालेली जर्मन ज्यूंची मध्यवर्ती संघटना दर उन्हाळ्याआधी कोणत्या गावांत, कोणत्या हॉटेलांत ज्यूंना थारा नाही याची यादी छापू लागली. सुट्टी ठरवताना घरोघर ती यादी पाहिली जाई.

१९२१च्या उन्हाळ्यात संगीतकार आर्नोल्ड श्योनबेर्ग कुटुंब आणि शिष्यांसह साल्झबुर्गजवळच्या माट्झे गावी उतरले होते. गावाला ज्यू पाहुणे नको होते. श्योनबेर्ग यांनी कधीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. बाप्तिस्म्याचा दाखला दाखवला असता, तर कदाचित भागले असते. पण तसे न करता श्योनबेर्ग गाव सोडून त्राउनकिर्खेनला गेले आणि तिथे पियानोच्या एका रचनेला लागले. पाश्चात्त्य संगीतात उलथापालथ करणाऱ्या त्यांच्या बारा स्वरांच्या पद्धतीची सुरुवात तिथलीच. पण माट्झे ते विसरले नाहीत. १९३३ साली पॅरिसमध्ये ते विधिपूर्वक ज्यू धर्मात परतले.

अमेरिकेतही हेच घडले, पण तिथे गाजावाजा झाला. १८७७मध्ये जोसेफ सेलिग्मन हे बँकर साराटोगा स्प्रिंग्जच्या ग्रँड युनियन हॉटेलात सहकुटुंब गेले. यादवी युद्धात लिंकन सरकारचे कर्जरोखे युरोपात खपवणारा हा माणूस पूर्वीही तिथे उतरलेला होता. आता ज्यूंना खोल्या नाहीत, असे त्यांना सांगण्यात आले. वर्तमानपत्रांत वादळ उठले, हेन्री वॉर्ड बीचर या प्रसिद्ध धर्मोपदेशकाने सेलिग्मन यांच्या बाजूने प्रवचन दिले आणि हॉटेलाच्याच मालकांच्या न्यूयॉर्कमधल्या दुकानावर बहिष्कार पडला. तरीही इतर हॉटेलांनी धडा घेतला तो उलटाच; बंदी पसरत गेली. १९१३च्या कायद्याने न्यूयॉर्क राज्यात उघड जाहिरातींना आळा बसला, तेव्हा ‘निवडक पाहुणे’, ‘चर्च जवळच’ असे सभ्य शब्द आले. कॅनडात १९३३च्या उन्हाळ्यात टोरोंटोच्या किनाऱ्यावर ज्यू सहलकऱ्यांना पळवून लावण्यासाठी तरुण स्वस्तिकाचे बिल्ले लावून फिरू लागले. ऑगस्टमध्ये त्याच शहरात बेसबॉलच्या सामन्यानंतर स्वस्तिकाचा झेंडा फडकवला गेला आणि कित्येक तास दंगल चालली.

या अपमानातून एक आनंदी गोष्टही जन्मली. न्यूयॉर्कच्या उत्तरेकडील कॅट्स्किल डोंगरांत ज्यू शेतकऱ्यांनी घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. १९१४मध्ये ग्रॉसिंगर कुटुंबाने घेतलेल्या एका शेतघराचे पुढे भव्य हॉटेल झाले. शिवणकामाच्या कारखान्यांतले कामगारही सुट्टीला येत. कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारचे जेवण, नाच, लग्ने जुळवणे, रात्रीचे विनोदी कार्यक्रम असा थाट होता. मेल ब्रूक्स, डॅनी के, जेरी लुईस अशा विनोदवीरांची उमेदवारी इथेच झाली. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेलांतला भेदभाव बेकायदा ठरला, विमानप्रवास सोपा झाला, आणि कॅट्स्किलची गरज ओसरली. ग्रॉसिंगरचे हॉटेल १९८६मध्ये बंद पडले.

जर्मनीत मात्र कायदा उलट्या दिशेने गेला. १९३५पर्यंत कित्येक गावांच्या वेशीवर ज्यू नकोत अशा पाट्या लागल्या होत्या. १९३६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी गार्मिश-पार्टेनकिर्खेनमधल्या पाट्या तेवढ्यापुरत्या उतरवल्या गेल्या. नोव्हेंबर १९३८मध्ये देशभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनामंदिरे, जाळली गेल्यानंतर तीनच दिवसांनी नाझी नेत्यांची बैठक भरली, तेव्हा प्रचारमंत्री गोबेल्सने ज्यूंसाठी रेल्वेचे वेगळे डबे आणि स्नानस्थळांवर बंदी यांची मागणी केली. राखेची धग अजून विझायची होती आणि चर्चा सहलींची चालली होती. फ्रॉईड त्याच वर्षी लंडनला निसटले. मागे राहिलेल्या त्यांच्या चार बहिणी नाझी छावण्यांत संपल्या.

हे सगळे मागे पडले म्हणावे, तर २०१७मध्ये स्वित्झर्लंडच्या अरोझात ज्यू पाहुण्यांनी पोहण्याआधी अंघोळ करावी अशी सूचना एका निवासस्थानात लागली, आणि २०२४मध्ये दावोसजवळ ज्यूंना स्लेज भाड्याने मिळणार नाही अशी पाटी झळकली. दोन्ही वेळा गदारोळ झाला. १९३५ आणि आज यांतला हा फरक मोठा आहे.

आपल्याकडे पाहायचे, तर अलिबाग-रेवदंड्याकडे शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाला शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ हे नाव मिळाले. त्यांना असा द्वेष सोसावा लागला नाही. इस्रायलला गेलेली कुटुंबे आजही सागावजवळ प्रेषित एलियाहू हन्नावीच्या रथाची खूण दाखवतात त्या जागी येतात, मलिद्याचा विधी करतात. याचा अभिमान जरूर वाटावा. पण पाणवठ्यावरून आपल्याच माणसांना हाकलणाऱ्या समाजाने त्यावर फार मिरवू नये. शिवाय २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईत दहशतवाद्यांनी कुलाब्याचे नरिमन हाऊस निवडले ते का? तिथे ज्यू प्रवाशांना कोशर जेवण आणि शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचा, आसरा मिळत असे, म्हणूनच. रब्बी गॅव्रिएल होल्त्झबर्ग, त्यांची पत्नी रिव्का आणि आणखी चार जण मारले गेले. दोन वर्षांच्या मोशेला त्याची दाई सँड्रा सॅम्युअल हिने वाचवले.

या साऱ्या हकीकतींत ज्यू कुटुंबे दर वेळी दुसरी वाट शोधतात: बोर्कुमऐवजी नोर्डरनाय, माट्झेऐवजी त्राउनकिर्खेन, साराटोगाऐवजी कॅट्स्किल. ती वाट शहाणपणाची होती, पण तिच्यामुळे उरलेल्या पाहुण्यांची अडचण आपोआप टळली. बोर्कुमच्या किनाऱ्यावर सगळेच कट्टर द्वेष्टे नव्हते. कितीक जण केवळ हवा आणि पाणी चांगले म्हणून तिथे येत होते. दुपारी गाणे सुरू झाले की त्यांना फक्त उठून जायचे होते आणि पुढच्या वर्षी खोली दुसरीकडे घ्यायची होती. जर्मन ज्यूंच्या मध्यवर्ती संघटनेची ती यादी ज्यूंसाठी छापली जाई. ती वाचून आपला बेत बदलायची खरी जबाबदारी मात्र त्यांच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांची होती.