चौकट : मिठातला अडकलेला उजेड

हरि जीवन अर्णीकर (1912–2000) आधी बनारस हिंदू विद्यापीठात होते. तिथे श्रीधर सर्वोत्तम जोशी होते, ‘जोशी परिणाम’वाले (विद्युत-विसर्जन चालू असलेल्या वायूवर उजेड पडला की प्रवाह बदलतो, तो हा परिणाम). मग पॅरिस. वितळलेल्या क्षारांतून वीज सोडून समस्थानिकं वेगळी करणं, हा तिथल्या डॉक्टरेटचा विषय. साठच्या दशकात ते पुणे विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्रमुख झाले. त्याच सुमारास, 1962 मध्ये, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघालं आणि शिरोळ-जयसिंगपूरकडची पदवी पुण्याच्या नावावर मिळायची थांबली. नाहीतर इकडच्या पोरांनाही आण्विक रसायन त्यांच्याच हाताखाली शिकता आलं असतं. इंग्रजीतलं त्यांचं या विषयाचं पाठ्यपुस्तक मात्र देशभर पोचलं.

त्यांच्या कामातला सगळ्यांत देखणा प्रयोग मिठाचा. साधं मीठ गॅमा किरणांत ठेवलं की खडे पिवळट-तपकिरी होतात, कारण जागचे उठलेले इलेक्ट्रॉन स्फटिकातल्या रिकाम्या जागांत अडकतात. हा खडा काळोखात पाण्यात टाका. विरघळताना इलेक्ट्रॉन सुटतात, उजेड फेकतात. तो इतका मंद की मोजायला फोटोमल्टिप्लायर नळी लागते. किरणांची मात्रा जास्त, तेवढा उजेड जास्त (अर्थात एका मर्यादेपर्यंत). म्हणून हेच तंत्र मात्रा मोजायलाही वापरतात. त्यासाठी मीठच हवं असं नाही, साखरही चालते. हवी तर शिरोळच्या कारखान्यातली घ्या.