विश्वासाचीं रूपें

‘विश्वास’ हा शब्द एकच. परंतु त्याचीं रूपें अनेक. श्रावणी पौर्णिमेस मालवणच्या बंदरावर तीं सारीं एकत्र पाहावयास मिळतात. त्या दिवशीं आमचे गाबीत बंधु समुद्रास नारळ अर्पण करितात. नैर्ऋत्येचा वारा आतां मंदावेल, ही त्यांची समजूत पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें खरी ठरलेली आहे. ऐन लाटेंत सोबती दोर सोडणार नाहीं, हा भरंवसा होय; तो माणसाचें वर्तन पाहूनच बसतो. दर्यानें आपणांस सांभाळावें, ही श्रद्धा. ती पुरावा मागत नाहीं, पण मनास धीर देते. मात्र ‘नारळ दिला आहे, मग वादळाचा बावटा कशास पाहावा?’ असें कोणी म्हणेल, तर ती अंधश्रद्धा होय. आणि तिचें मोल घरच्या मंडळींस भरावें लागतें.

महाराष्ट्राच्या इ. स. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेंही हाच विवेक राखला आहे. मनांतील श्रद्धेस हात न लावितां, तिच्या नांवानें होणाऱ्या अघोरी कृत्यांस त्यानें शिक्षा सांगितली. म्हणून श्रद्धेची परीक्षा कृतींत पाहावी. नारळ अर्पून जो आपली होडी तपासतो, आणि बावटा उतरेपर्यंत ती किनाऱ्यास बांधून ठेवितो, त्याची श्रद्धा डोळस जाणावी.