पेट्रोलच्या नळीचा जोड : घाटाआधी तपासा

१ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकलींचा कार्ब्युरेटर जाऊन त्याजागी फ्यूएल इंजेक्शन आलं. इंजेक्शनच्या गाडीत पंप पेट्रोल साधारण ३ बार दाबाने पुढे ढकलतो. म्हणून नळीचा जोड तपासायला टाकी उतरवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं, मग बॅटरीची ऋण वायर सोडायची. हे न करता जोड ओढला तर गरम इंजिनावर पेट्रोलची चिळकांडी उडते.

बऱ्याच गाड्यांवर दाबून सुटणारा प्लास्टिकचा कपलिंग जोड असतो. उन्हातान्हात तो कडक होतो, पिळला की तुटतो. आतली ओ-रिंग चपटी किंवा चिरलेली दिसली तर बदलाच. ती परत वापरणं ही चुकीची काटकसर. नव्या रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचा थेंब लावून जोड ‘कट्’ आवाज येईपर्यंत बसवा, उलटा ओढून पाहा. मग फ्यूज आणि बॅटरीची वायर परत जोडून नुसती चावी फिरवा: पंप दोन-तीन सेकंद घुमतो, तेवढ्यात ओल दिसते का बघा. ओल नसेल तरच स्टार्ट करा.

कार्ब्युरेटरची स्वस्त नळी इंजेक्शनच्या गाडीत कधीही चालत नाही. जुन्या गाडीत २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने साधं रबर फुगतं, मऊ पडतं. त्या पेट्रोलला टिकणारीच नळी मागा.

नाशिकहून कसारा घाटात उतरण्याआधी पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच बंद करा.