तेहतीस डावांचा दुष्काळ

१२ मार्च २०११. नागपूरला, वर्धा रोडवरच्या जामठा स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना, समोर दक्षिण आफ्रिका. सचिन तेंडुलकरने १०१ चेंडूंत १११ धावा कुटल्या. हे त्याचं ९९वं आंतरराष्ट्रीय शतक. तो परतला तेव्हा धावफलकावर २ बाद २६७ होते. उरलेले आठ गडी २९ धावांत गारद झाले आणि शेवटच्या षटकात सामनाही गेला. नागपूरकराला तो दिवस विचारा, शतकाच्या आधी ही घसरगुंडीच सांगेल.

बाकी देशाला मात्र तेव्हापासून एकच आकडा दिसू लागला, शंभर. त्याचं ‘महाशतक’ असं बारसंही झालं. ते आलं १६ मार्च २०१२ रोजी, मिरपूरला, बांगलादेशाविरुद्ध. मधे ३७० दिवस आणि ३३ डाव गेले. फॉर्म हरपला, दडपण आलं, आता निवृत्त व्हावं, अशी चर्चा वर्षभर चघळली गेली.

त्या ३३ डावांत त्याने केलं काय? १,०८५ धावा, आठ अर्धशतकं. त्यातल्या २१ कसोटी डावांत सरासरी ३७. ओव्हलवर ९१ असताना इंग्लंडच्या ब्रेस्ननने त्याला पायचीत केलं. नोव्हेंबरात घरच्या वानखेडेवर ९४ वर वेस्ट इंडिजच्या रामपॉलच्या चेंडूवर बॅटची कड लागली आणि दुसऱ्या स्लिपमध्ये सॅमीने झेल टिपला. तिथे नऊ धावा, इथे सहा. यांतलं एक जरी जमलं असतं तरी दुष्काळ मिटला असता.

आता थोडं गणित करू. पूर्ण कारकिर्दीत सचिनचे आंतरराष्ट्रीय डाव ७८२ आणि शतकं १००. म्हणजे कोणत्याही एका डावात शतक होण्याची शक्यता तेराच टक्के, न होण्याची ८७. ही ८७ टक्के शक्यता तेहतीस वेळा स्वतःशी गुणली की उरते साधारण एक टक्का. एक टक्का म्हणजे अघटितच, असं वाटेल. पण थांबा. शंभर शतकांच्या मधे ९९ अंतरं असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाला ही एक टक्क्याची टांगती तलवार आहे. ९९ वेळा एक टक्का, म्हणजे जवळपास एक. शंभर शतकं ठोकणाऱ्याच्या वाट्याला एवढा मोठा दुष्काळ एकदा येणं हे हिशोबातच बसतं! यात खेळपट्टी, दुखापत, वय, गोलंदाज काहीच धरलेलं नाही. नुसत्या योगायोगाने एवढं होतं.

मग एवढा गोंगाट कशाने झाला? ३७० दिवसांचे तास होतात ८,८८०. सचिन दर डावाला दोन तास खेळला असं सढळ हाताने धरलं तरी त्याची फलंदाजी ६६ तासांवर जात नाही. चोवीस तास चालणाऱ्या वाहिनीला उरलेले ८,८१४ तास कशाने तरी भरायचेच असतात. माझ्या मते या गोंगाटाचं मूळ बॅटमध्ये कमी आणि या वजाबाकीत जास्त आहे.

मोठ्या खेळाडूच्या वाट्याला अपयश येतंच, हे टेनिसमध्ये तर आणखी उघडं दिसतं. रॉजर फेडररने २०२४ साली डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वतःचा हिशोब सांगितला: एकेरीचे १,५२६ सामने, त्यांतले जवळपास ८० टक्के जिंकलेले, पण जिंकलेले गुण अवघे ५४ टक्के. जगज्जेता असूनही तो जवळजवळ निम्मे गुण हरत होता. २००८ साली विम्बल्डनची अंतिम लढत गमावल्यावर त्याचा अस्त झाल्याचं लिहून आलं होतं. तेव्हा ग्रँड स्लॅम विजेतेपदं होती १२. थांबला तो २० वर.

अस्त जाहीर करण्याची ही घाई आपल्याकडे त्याच्याही आधीची. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन एका धावेवर बाद झाला आणि घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. एका इंग्रजी दैनिकाने त्याच सुमारास ‘एंडुलकर?’ असा मथळा छापला. तेव्हा त्याच्या नावावर ७४ शतकं होती. त्या मथळ्यानंतर त्याने आणखी २६ केली. दिलीप वेंगसरकरांची अख्ख्या कारकिर्दीतली आंतरराष्ट्रीय शतकं आहेत १८.