मंडळी बहरली, हे कशावरून ठरवायचे?

उपासनेसाठी नियमित जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायाला मराठीत ‘मंडळी’ म्हणतात. अशी मंडळी सावरण्यासाठी आखलेली योजना यशस्वी झाली की नाही, हे मोजणे वाटते तितके सोपे नाही. योजनांना पैसा लागतो आणि तो कोणाला मिळणार हे मोजणीवर ठरते. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. उपस्थिती घटत असताना चर्च ऑफ इंग्लंडने वाढीची कारणे शोधण्यासाठी संशोधन करवून घेतले. त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. वाढीचा एकच हमखास उपाय नाही, हा त्याचा एक निष्कर्ष. त्याच वर्षापासून धर्मप्रांतांच्या निवडक प्रकल्पांना विशेष निधी मिळू लागला. गरीब वस्त्यांतील मंडळ्यांसाठी दुसरा निधी होता. या दोन्हींची स्वतंत्र तपासणी रॉबर्ट चोट या अर्थतज्ज्ञांनी केली. ब्रिटनच्या सरकारी अर्थसंकल्पाचे अंदाज तपासणाऱ्या संस्थेचे ते माजी प्रमुख. २०२२ च्या त्यांच्या अहवालात प्रकल्पांच्या अपेक्षा आणि तोवरच्या नोंदी यांत मोठे अंतर दिसले. अर्थात अनेक प्रकल्प तेव्हा चालूच होते.

अशा मोजणीत मला तीन अडचणी दिसतात. पहिली निवडीची. योजनेसाठी अर्ज करते ती मंडळी बहुधा आधीच उत्साही असते. तिची वाढ योजनेच्या खात्यावर कशी मांडायची? दुसरी स्थलांतराची. नव्या चर्चमध्ये आलेली माणसे शेजारच्या चर्चमधून आली असतील, तर एकीकडे भर पडते आणि दुसरीकडे तेवढीच घट होते. तिसरी काळाची. निधी तीन-पाच वर्षांत संपतो; बदल मुरायला एक पिढी लागते.

मोजपट्टीचा हा प्रश्न मराठी मुलखाला जुनाच आहे. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४ मध्ये मिशनच्या कामाची पाहणी करायला हिंदुस्थानात आले आणि अहमदनगरलाही गेले. मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतः करावा, ही त्यांची कसोटी. ती स्थानिक पाळकांच्या बाजूची होती. पण तिचाच दुसरा परिणाम असा, की इंग्रजी शिक्षण त्यांना दुय्यम वाटले. त्याच पाहणीनंतर, १८५५ मध्ये, जाफन्याजवळचे बट्टिकोटा विद्यालय बंद झाले. मोजपट्टी बदलली की कोणाला तरी दार उघडते आणि कोणाला तरी बंद होते.

म्हणून नुसती डोकी मोजणे मला अपुरे वाटते. योजना नसती तर काय झाले असते, हे तशाच दुसऱ्या मंडळीशी ताडून पाहावे. नवे सभासद कुठून आले ते विचारावे. निधी थांबल्यावर पाच वर्षांनी पुन्हा जावे. आणि एखाद्या गरीब वस्तीत वीसच माणसे जमत असतील, पण आजाऱ्याच्या उशाशी त्यांतले कोणीतरी रात्रभर बसत असेल, तर तेही नोंदवावे. तसा रकाना तक्त्यात नसेल, तर तो आखावा. नाहीतर निधी नेहमी मोठ्या आकड्यांकडेच जाईल.