क्षुल्लक अपराध आणि मोठा अखत्यार

अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा वाहतुकीचा कायदा वाचावयास घेतला, तर मोटार हाकणाऱ्या माणसाच्या हातून घडू शकणाऱ्या अपराधांची त्यातील यादी इतकी लांब आणि इतकी बारीक असते, की अत्यंत सावध चालकालाही काही मैलांच्या प्रवासात त्यांपैकी एखादा अपराध केल्यावाचून घरी पोहोचणे कठीण जावे. वळण्यापूर्वी पुरेसा वेळ इशारा न देणे, क्रमांकाच्या पाटीवरचा दिवा विझलेला असणे, आतील आरशाला एखादी माळ किंवा शोभेची वस्तू टांगलेली असणे, चाकाने क्षणभर पांढऱ्या रेषेला स्पर्श करणे, अशा कोणत्याही कारणासाठी बहुतेक राज्यांत पोलीस अंमलदार गाडी थांबवू शकतो. आणि ज्या रस्त्यावर जवळजवळ प्रत्येकजण या ना त्या कलमाखाली अपराधी ठरतो, तेथे कोणाला थांबवावे आणि कोणाला जाऊ द्यावे हे कायदा ठरवीत नाही, तर अंमलदाराची मर्जी ठरवते. ती मर्जी चालकाच्या कातडीचा रंग पाहून चालते की काय, हा प्रश्न अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनात गेली तीस-पस्तीस वर्षे धुमसत आहे.

त्या देशात वर्षाकाठी सुमारे दोन कोटी वेळा अशा रीतीने गाड्या थांबवल्या जातात, आणि सामान्य नागरिकाची पोलिसांशी गाठ पडते ती बहुतेक अशाच प्रसंगी. मोटारी येण्यापूर्वी प्रतिष्ठित गृहस्थाला पोलिसाशी बोलण्याचा प्रसंग क्वचितच येई. मोटारीने सगळाच समाज पोलिसांच्या अखत्यारात आणून सोडला. मद्यबंदीच्या काळात मिशिगन राज्यातील एका हमरस्त्यावर सरकारी अंमलदारांनी एक गाडी अडवून, तिच्या बैठकीच्या गादीमागे दडवलेल्या दारूच्या 68 बाटल्या हस्तगत केल्या, आणि त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1925 साली असा दंडक घालून दिला, की घर जागचे हलत नाही पण गाडी वॉरंट मिळेपर्यंत पळून जाऊ शकते, म्हणून सबळ कारण असल्यास तिची झडती वॉरंटावाचून घेता येईल. युक्तिवाद त्याच्या जागी समंजस होता. परंतु घराच्या उंबरठ्याला संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीने जे संरक्षण दिले होते ते रस्त्यावर पातळ करण्याची सुरुवात तेथे झाली, आणि पुढे मादक द्रव्यांविरुद्धच्या मोहिमेत, विशेषतः 1980 नंतरच्या दशकात, हमरस्त्यांवरील पोलिसांना अमली मालाची ने-आण करणारे लोक हेरण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले जाऊ लागले तेव्हा, ती पायवाट राजमार्ग झाली.

मधल्या काळातील न्यायनिर्णयांनी अंमलदाराच्या अधिकारांत एकेक भर घातली. गाडी थांबवल्यावर चालकाला खाली उतरण्याचा हुकूम देता येतो, हे 1977 साली ठरले. झडतीला चालकाने संमती दिली तर सबळ कारणाचीही गरज उरत नाही, आणि संमती नाकारण्याचा तुम्हांला हक्क आहे असे त्याला सांगण्याचे बंधन अंमलदारावर नाही, हे त्याआधी 1973 सालीच ठरले होते. रात्रीच्या वेळी, निर्जन रस्त्याच्या कडेला, कमरेला पिस्तूल लावलेला मनुष्य जेव्हा ‘गाडीत जरा पाहू का?’ असे विचारतो, तेव्हा त्याला मिळणाऱ्या होकाराला संमती म्हणावे काय, याचे उत्तर न्यायालयाच्या कक्षात बसून देणे आणि त्या रस्त्यावर उभे राहून देणे यांत फार अंतर आहे.

या सर्व निर्णयांचा कळस म्हणजे 1996 सालचा व्रेन खटल्याचा निकाल. वॉशिंग्टन शहरात, मादक द्रव्यांच्या व्यवहारावर पाळत ठेवणाऱ्या साध्या वेशातील पोलिसांना, थांबण्याच्या खुणेपाशी एक गाडी वीस सेकंदांहून अधिक काळ उभी राहिलेली दिसली. गाडीत दोन कृष्णवर्णीय तरुण होते. पोलिसांनी आपली गाडी मागे वळवताच ती गाडी इशारा न देता वळली आणि वेगाने निघून गेली. पोलिसांनी तिला गाठले आणि आत कोकेन सापडले. वस्तुतः त्या शहराच्या पोलीसखात्याचा स्वतःचाच नियम असा होता, की साध्या वेशातील अंमलदारांनी साध्या गाडीतून वाहतुकीचे नियमभंग पकडण्याच्या भानगडीत पडू नये, इतरांच्या सुरक्षिततेला तातडीचा धोका असेल तेवढाच अपवाद. म्हणजे वाहतूक हे निमित्त होते, हेतू निराळा होता, हे उघडच होते. न्यायमूर्ती स्कालिया यांनी लिहिलेल्या एकमुखी निकालपत्राने सांगितले, की नियमभंग खरोखर घडला असेल तर अंमलदाराच्या मनात काय होते याची चौकशी चौथ्या दुरुस्तीखाली न्यायालय करणार नाही. वंशभेदाची तक्रार असेल तर ती कायद्याच्या समान संरक्षणाच्या कलमाखाली करावी. या उपायाचे दार कागदोपत्री उघडे आहे, पण त्यातून आत जाण्यासाठी फिर्यादीने अंमलदाराचा भेदबुद्धीचा हेतू सिद्ध केला पाहिजे, आणि स्वतःचा हेतू कोणी नोंदवहीत लिहून ठेवीत नाही. मला या वादातील खरे मर्मस्थान येथे दिसते. वाईट अंमलदार सर्वत्र असतात आणि चांगलेही असतात; परंतु जो कायदा प्रत्येकाला अपराधी करून ठेवतो आणि निवडणाऱ्याच्या मनाकडे पाहणार नाही म्हणतो, तो चांगल्या माणसाच्याही नकळत असलेल्या पूर्वग्रहाला मोकळे रान करून देतो.

क्वचित मात्र हेतू कागदावर उतरलेला सापडतो. 1992 च्या मे महिन्यात रॉबर्ट विल्किन्स हे कृष्णवर्णीय वकील शिकागोस आजोबांच्या अंत्यविधीला जाऊन नातलगांसह भाड्याच्या गाडीने परत येत असता, मेरिलँड राज्यात पहाटे पोलिसाने त्यांना वेगमर्यादेच्या कारणावरून थांबवले आणि झडतीची संमती मागितली. विल्किन्स हार्वर्डचे कायद्याचे पदवीधर. आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय. त्यांनी संमती नाकारून कायद्याचा आधार विचारला. त्यावर सगळ्यांना थांबवून हुंगणाऱ्या कुत्र्याला बोलावण्यात आले, पावसात उभे राहून त्या शोकमग्न कुटुंबाने गाडीभोवती फिरणारे कुत्रे पाहिले, आणि काहीही न सापडता दंडाची पावती घेऊन ते घरी गेले. पुढे त्यांनी केलेल्या दाव्यात जे दस्तऐवज बाहेर आले त्यांत त्या भागातील पोलिसांना पाठवलेला एक गोपनीय अहवाल होता, आणि मादक द्रव्यांची ने-आण करणारे प्रामुख्याने कृष्णवर्णीय असतात असे त्यात लिहिलेले होते. 1995 साली तडजोड होऊन प्रत्येक झडतीची नोंद ठेवणे राज्याच्या पोलिसांना भाग पडले. त्या नोंदींनी दाखवले, की राज्याच्या ईशान्येकडील हमरस्त्यावर नियमभंग करणाऱ्या चालकांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा सतराच्या आसपास असताना झडती घेतलेल्यांत ते शेकडा सत्तरांहून अधिक होते. आणि निषिद्ध माल मिळण्याचे प्रमाण मात्र गोऱ्यांत आणि कृष्णवर्णीयांत जवळजवळ सारखेच होते. जवळच्या न्यू जर्सी राज्यातही असाच वाद पेटला होता, आणि 1999 साली खुद्द त्या राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या अहवालाने हा भेदभाव काल्पनिक नसून खरा असल्याचे कबूल केले.

आकड्यांचा अर्थ लावणे मात्र वरवर वाटते तितके सोपे नाही, आणि पोलिसांची बाजू मांडणारे येथेच बोट ठेवतात. शहराच्या लोकसंख्येत अमुक जातीचे लोक किती, यावरून रस्त्यावर कोण किती गाडी चालवतो हे कळत नाही; ज्या वस्तीत गुन्हे अधिक तेथे गस्त अधिक, आणि गस्त अधिक तेथे गाड्या थांबवण्याचे प्रसंगही अधिक, असे त्यांचे म्हणणे आहे. गस्तीची मागणी पुष्कळदा त्या वस्तीतील लोकांचीच असते, बेकायदा पिस्तुले अशाच किरकोळ कारणाने थांबवलेल्या गाड्यांत सापडतात, आणि अनोळखी गाडीच्या खिडकीशी जाणाऱ्या अंमलदाराच्या जिवालाही धोका असतो, या गोष्टी खोट्या म्हणता येणार नाहीत. म्हणून संशोधकांनी एक चतुर कसोटी योजली. संध्याकाळच्या त्याच घटकेला ऋतूपरत्वे कधी उजेड असतो, कधी अंधार. रस्ते तेच, रहदारी तीच. पोलिसाला चालकाचा चेहरा उजेडात दिसतो आणि अंधारात दिसत नाही, एवढाच फरक. 2020 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी देशभरातील सुमारे दहा कोटी नोंदी तपासल्या, तेव्हा अंधार पडल्यावर थांबवलेल्या चालकांतील कृष्णवर्णीयांचा वाटा घटतो असे त्यांना आढळले. गोऱ्यांच्या मानाने कृष्णवर्णीय आणि लॅटिनो चालकांची झडती कमी पुराव्यावर घेतली जाते, हेही त्याच अभ्यासात दिसून आले.

जो निर्दोष ठरून सोडला जातो त्याची कोणती हानी झाली, हा प्रश्न विचारणारे सद्भावनेने विचारीत असतील, पण त्यांनी 2015 साली केंद्रीय न्यायखात्याने प्रसिद्ध केलेला मिसूरीतील फर्ग्युसन गावाचा अहवाल वाचावा. त्या गावच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय शेकडा 67 आणि थांबवलेल्या चालकांत शेकडा 85. दंडाची वसुली हे नगरपालिकेच्या उत्पन्नाचे ठरीव साधन. वेळेवर दंड न भरल्यास वॉरंट, आणि वॉरंटामागून अटक. पुढल्याच वर्षी मिनेसोटात एका शाळेच्या भोजनगृहाच्या पर्यवेक्षकाला गाडी थांबवल्यानंतर काही क्षणांतच पोलिसाने गोळ्या घातल्या. त्यापूर्वी सुमारे चौदा वर्षांत त्याला चाळीसहून अधिक वेळा किरकोळ कारणांसाठी थांबवण्यात आले होते. गोळ्या घालणाऱ्यास ज्यूरीने निर्दोष ठरवले. कृष्णवर्णीय घरांत मुलगा गाडी शिकू लागला की आईबाप त्याला, पोलिसाने थांबवले तर हात चाकावर दिसतील असे ठेव, खिशाकडे नेण्याआधी सांग, आवाज चढवू नकोस, असे बजावतात. स्वतःच्याच देशाच्या अंमलदारापुढे जिवंत राहण्याची ही शिकवण ज्या बापाला द्यावी लागते, त्याच्या मनावरचा भार कोणत्याही तक्त्यात दाखवता येत नाही.

हा प्रश्न केवळ कृष्णवर्णीयांचा आहे, आपल्या लोकांना त्याची झळ नाही, असे कोणी समजू नये. नातवंडे सांभाळण्यासाठी अमेरिकेस जाऊन राहणारे आजीआजोबा महाराष्ट्रातील कितीतरी घरांत आहेत. गुजरातेतून असेच मुलाकडे गेलेले एक वृद्ध गृहस्थ 2015 च्या फेब्रुवारीत अलाबामा राज्यातील मॅडिसन गावी सकाळी फिरावयास निघाले असता, कोणा शेजाऱ्याने संशयित कृष्णवर्णीय माणूस हिंडत असल्याची वर्दी पोलिसांना दिली. इंग्रजी न समजणाऱ्या त्या वृद्धाला अंमलदाराने असे जमिनीवर आपटले की त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा होऊन त्यांना अर्धांगवायूसारखे अपंगत्व आले. त्या अंमलदारावरील खटल्यांत ज्यूरीचे एकमत झाले नाही आणि तो सुटला. जन्मावरून संशय घेण्याची ही रीत आपल्या पारधी बांधवांना चांगली ठाऊक आहे. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने त्यांच्या कपाळी मारलेला शिक्का तो कायदा 1952 साली रद्द झाल्यावरही पोलीसठाण्यांच्या मनातून पुसला गेलेला नाही.

उपायांविषयी अमेरिकेत मतभेद आहेत, पण ज्यांचा काही उपयोग होईल असे मला वाटते ते उपाय अंमलदाराच्या मनाला हात घालीत नाहीत, त्याच्या निमित्तांना घालतात. नॉर्थ कॅरोलायनातील फेएटव्हिल शहराच्या पोलीसप्रमुखांनी 2013 पासून काही वर्षे विझलेले दिवे आणि मुदत संपलेले कागद यांवरून गाड्या थांबवणे कमी करून, वेग, लाल दिवा, मद्यपान अशा जिवावर बेतणाऱ्या अपराधांकडे आपली माणसे वळवली. पुढे झालेल्या अभ्यासात अपघाती मृत्यू घटल्याचे दिसले, थांबवलेल्यांतील वांशिक तफावत कमी झाली, आणि इतर गुन्हे वाढल्याचे आढळले नाही. व्हर्जिनिया राज्याने 2021 पासून अशा कित्येक किरकोळ दोषांसाठी गाडी थांबवण्याचा अधिकारच काढून घेतला. फिलाडेल्फिया शहराने तसाच ठराव त्याच वर्षी मंजूर केला आणि पोलिसांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले. लॉस एंजेलिसने 2022 साली निराळी तरतूद केली: वाहतुकीच्या किरकोळ निमित्ताने मोठ्या गुन्ह्याचा तपास करावयाचा असेल, तर त्या माणसाविषयी आपल्याला संशय कशामुळे आला ते अंमलदाराने तेथेच, अंगावरील कॅमेरा चालू असताना, बोलून नोंदवावे, आणि ‘तसे वाटले’ एवढे उत्तर चालणार नाही.