खोंड, कोंबडा आणि कातडीवरचा पॅच

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं की नीरेचा पूल ओलांडल्यावर शिरवळ लागतं. १९८८ साली इथे सुरू झालेलं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय या भागातल्या पशुपालकांना नवं नाही. जनावरांचा डॉक्टर व्हायचं तर खच्चीकरण शिकावंच लागतं. ओढकामाच्या खोंडाची मान आणि वशिंड भरेपर्यंत शेतकरी थांबतो. मग बर्डिझोचा चिमटा लावून, कातडी न कापता, वृषणांना रक्त पुरवणाऱ्या नसा चिरडल्या जातात. मारका खोंड हळूहळू निवळतो, गाईमागे धावायचा थांबतो, जुवाखाली सरळ चालू लागतो. फार लवकर खच्ची केला तर त्याची मान भरत नाही, हेही शेतकऱ्याला ठाऊक असतं. टेस्टोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकाचा शरीरभर चालणारा कारभार त्याने गोठ्यातच पाहिलेला असतो.

शास्त्राला तो कळायला बराच वेळ लागला. १८४९ साली जर्मनीतल्या गटिंगेन इथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी तरुण कोंबड्यांची वृषणं काढली. तुरे सुकले, आरवणं थांबलं, झुंजी संपल्या. काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं, तेव्हा तुरा फुलला आणि बांगही परतली. जुना मज्जातंतू तुटलेला असूनही परिणाम झाला, म्हणजे काहीतरी रक्तातून जात होतं. पुढे १८८९ मध्ये पॅरिसला ब्राउन-सेकार या नामांकित शास्त्रज्ञाने वयाच्या ७२व्या वर्षी कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि ताकद वाढल्याचं जाहीर केलं. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात संप्रेरक जवळपास नव्हतंच. जाणवलेली ताकद श्रद्धेची होती. ‘ताकदीच्या औषधा’चा बाजार मात्र तेव्हापासून तेजीत आला.

खरं संप्रेरक हाती लागलं १९३५ साली. अॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने वळूंच्या सुमारे १०० किलो वृषणांतून जेमतेम १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं. निरोगी पुरुषाचं शरीर रोज साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम तयार करतं, म्हणजे एवढ्या खटाटोपातून एका माणसाची जेमतेम दीड-दोन दिवसांची गरज भागली असती. सुदैवाने त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून कृत्रिमरीत्या बनवलं. १९३९चं रसायनशास्त्राचं नोबेल या दोघांना विभागून मिळालं.

पुढचा प्रश्न ते शरीरात पोचवायचं कसं, हा होता. साधं टेस्टोस्टेरॉन गिळलं तर यकृत त्याचा बहुतांश भाग निकामी करतं. तेलातलं इंजेक्शन घेतलं तर सुरुवातीला पातळी उसळते आणि पुढच्या डोसापर्यंत घसरते. पेशंटचा उत्साह आणि मूडही तसाच वरखाली होतो. कातडीतून थोडं थोडं झिरपणारं औषध हा त्यावरचा उपाय. अमेरिकेत १९९३ साली मान्यता मिळालेला टेस्टोडर्म हा पॅच वृषणकोशाच्या कातडीवर लावावा लागे, कारण ती पातळ असते. १९९५ साली आलेला अँड्रोडर्म पाठ, पोट, दंड किंवा मांडीवर चिकटवता येऊ लागला. तो रात्री लावायचा. त्यामुळे पातळी पहाटे-सकाळी चढते आणि दिवसभरात उतरते. निसर्गाची चालही हीच.

हा उपचार कोणासाठी? जन्मतः एक जादा एक्स गुणसूत्र असलेल्या क्लाइनफेल्टर सिंड्रोमच्या पुरुषांसाठी; गालगुंडाने, अपघाताने किंवा कर्करोगाच्या शस्त्रक्रियेने वृषणं गेलेल्यांसाठी; पियुषिका ग्रंथीच्या गाठीमुळे वृषणांना आदेशच न पोचणाऱ्यांसाठी. अशा माणसाची कामेच्छा ओसरते, दाढी विरळ होते, हाडं ठिसूळ होतात, रक्त कमी होतं. निदानासाठी लक्षणं हवीतच. शिवाय दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त तपासून दोन्ही वेळा पातळी कमी आढळली पाहिजे. दुपारी चारला दिलेल्या एका नमुन्यावरून निदान होत नाही. वजन आणि मधुमेह वाढल्यामुळे पातळी उतरली असेल, तर आधी पोटाचा घेर कमी करणं हा पहिला उपचार.

पॅचचा सर्वांत मोठा त्रास पॅचच्याच जागी होतो. औषध आत ढकलण्यासाठी त्यात अल्कोहोल आणि इतर रसायनं असतात. अँड्रोडर्मच्या चाचण्यांत तिघांपैकी एकाहून अधिक पुरुषांना खाज सुटली, तर काहींना भाजल्यासारखे फोड आले. म्हणून जागा रोज बदलायची, एका जागेवर सात दिवस परत लावायचा नाही आणि हाडाच्या उंचवट्यावर टाळायचा. घाम गाळणाऱ्याच्या अंगावर तो नीट टिकतही नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर इंजेक्शन आणि जेलच जास्त दिसतात. जेलची जोखीम वेगळी: अंगावरचं औषध बायकोला किंवा कडेवरच्या लेकराला लागू शकतं. पॅचमध्ये औषध झाकलेलं असल्याने हा धोका कमी. तरीही वापरलेला पॅच चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या हाताबाहेर टाकावा.

आतले परिणाम रक्ततपासणीत कळतात. तांबड्या पेशी वाढून रक्त दाट होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांवर गेलं तर औषध थांबवावं लागतं. मुरुमं, पायावर सूज, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास वाढणं हेही होऊ शकतं. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असेल तर हे औषध सहसा वर्ज्यच. हृदयाबद्दलची भीती २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीने बरीच कमी केली. पाच हजारांहून अधिक पुरुषांच्या या चाचणीत जेल वापरणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढले नाहीत. मात्र हृदयाचे अनियमित ठोके आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकण्याचं प्रमाण त्यांच्यात अधिक आढळलं.

गैरवापर खरा होतो तो पातळी मुळात चांगली असलेल्यांकडून. थकलेला चाळिशीतला कामगार, दंड फुगवू पाहणारा जिमचा पोरगा, मेहनत कमी पडतेय असं वाटणारा तालमीतला पैलवान. स्पर्धेतल्या पैलवानाला तर हे औषध बारमाही निषिद्ध आहे. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधांची जाहिरात १९५४च्या कायद्याने बंद आहे, तरी रस्त्याकडेच्या भिंती तिनेच रंगलेल्या असतात.

अशा जाहिराती वंध्यत्वाबद्दल एक अक्षर लिहीत नाहीत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू वृषणांना पाठवायचे आदेश थांबवतो. वृषणांचं काम मंदावतं, ती आक्रसतात, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. औषध बंद केल्यावर बहुतेकांचे परततात, पण त्याला महिने लागतात. कोणाला वर्षाहून अधिक. पौरुष वाढावं म्हणून घेतलेल्या औषधानेच पाळणा लांबतो आणि घरात तपासण्यांचा ससेमिरा पहिल्यांदा सुनेच्या मागे लागतो. मूल हवं असलेल्या पुरुषाची पातळी खरोखर कमी असली, तरी त्याच्यासाठी वृषणांना कामाला लावणारी वेगळी औषधं आहेत. म्हणून पॅच, जेल किंवा इंजेक्शन यांची चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टरने मुलाबाळांचा प्रश्न काढलाच पाहिजे. त्याने काढला नाही, तर लाज बाजूला ठेवून पेशंटने स्वतः काढावा.